‘माल परत नाही’ हा शिक्का शरियतमध्ये चालतो का?

प्रश्न : मी कुर्ला पश्चिमेला राहते. माहेर श्रीवर्धनचं, आम्ही कोकणी मुसलमान. समोसे, रोल, शामी कबाब घरी करून फ्रोझन विकते. मी आणि माझी मुलगी, तिसरं माणूस नाही. रमजानमध्ये ऑर्डरी वाढतात, म्हणून गेल्या रमजानच्या तोंडावर मिस्टरांच्या ओळखीतून डीप फ्रीझर घेतला. दुकानदार आमच्याच मशिदीत नमाजला येतात. २४,०००चा पीस त्यांनी २२,५००ला दिला. म्हणाले, “भाभी, बॉक्स फाटलाय म्हणून कमी केले, पीस एकदम नवा आहे.” वर दोन वर्षांच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचे २,४०० घेतले. पक्कं बिल आहे, पैसे यूपीआयने दिले.

आठ महिन्यांनी फ्रीझर गार व्हायचा बंद झाला. कंपनीचा माणूस आला. मागच्या स्टिकरवरचा नंबर मोबाइलमध्ये टाकून म्हणाला, याची एक वर्षाची वॉरंटी दोन महिन्यांपूर्वीच संपली, हा पीस चौदा महिन्यांपूर्वी दुसऱ्याच कुणाच्या नावावर चढलाय. टॉर्च मारून त्याने कॉम्प्रेसरजवळची तांब्याची नळी दाखवली. कापून परत वेल्डिंग मारल्याची गाठ तिथे स्पष्ट दिसते, आजूबाजूला काळं पडलंय. दुसऱ्याच दिवशी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाले, बिलावर शिक्का आहे, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. वॉरंटी कंपनीची, कंपनीकडे जा. आणि आठ महिने धंदा केलात ना त्याच्यावर? फार तर २,००० देतो. मिस्टर म्हणतात, ते हनफी पंथाचे, आपण शाफई पंथाचे, त्यांच्यात नियम वेगळे असतील. दीर म्हणतात, एक्स्टेंडेड वॉरंटी विम्यासारखी हराम, तो विषयच काढू नका, आणि मुसलमान भावाला सरकारी कोर्टात खेचणं दीनमध्ये बसत नाही. जाऊबाई म्हणतात, ३,५००मध्ये गॅस भर आणि विसर. शरियतप्रमाणे माझा हक्क आहे की नाही? ग्राहक कोर्टात जाऊ का? आणि आमच्या बायकांच्या ग्रुपवर या दुकानाबद्दल लिहिलं तर ती गीबत (पाठीमागे केलेली निंदा) होईल का?

उत्तर : ताई, आधी तातडीचं. गॅस भरू नका. फ्रीझरला कुणालाही हात लावू देऊ नका, तो आहे तसा बंद करून ठेवा. ती वेल्डिंगची गाठ हाच तुमचा पुरावा आहे, आणि ३,५०० घेऊन येणारा मेकॅनिक पहिली गोष्ट करेल ती म्हणजे तीच नळी पुन्हा कापेल. आजच उजेडात फोटो काढा : गाठीचा जवळून, मागच्या स्टिकरवरच्या नंबराचा, वॉरंटी कार्डावरच्या नंबराचा, बिलाचा. एक सलग व्हिडिओही घ्या, ज्यात नंबरापासून नळीपर्यंत कॅमेरा न थांबता जातो. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, हा फोटो भलत्याच फ्रीझरचा आहे.

धर्माच्या बाजूनेही गॅस न भरणंच बरोबर. शाफई फिकहमध्ये (इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्यात) ऐब, म्हणजे मालातला दोष, कळल्यावर माल परत करायचा हक्क ताबडतोब वापरावा लागतो. कळूनही वस्तू वापरत राहिलात, तर ती आहे तशी मान्य केली असा अर्थ निघतो. ताबडतोब म्हणजे धावत सुटा असं नव्हे. रात्री कळलं तर सकाळपर्यंत थांबलेलं चालतं, एवढा व्यवहारीपणा जुन्या ग्रंथांतही आहे. तुम्ही दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलात, हे उत्तम केलंत. हनफी मतात अशी घाई लागत नाही, पण दोष समजल्यावर मालकासारखा वापर चालू ठेवला की तिथेही हक्क जातो.

आता एक गोष्ट स्पष्ट करते. मी मुफ्ती नाही. ग्राहकांच्या तक्रारींचं काम करते, आणि त्या कामात हे प्रश्न इतक्यांदा समोर आलेत की फिकहच्या खरेदी-विक्रीच्या प्रकरणांकडे वळावंच लागलं. भारतात खरेदी-विक्रीला शरियत लागू होत नाही. १९३७चा शरियत कायदा लग्न, तलाक, मेहर, वारसा, बक्षीसपत्र, वक्फ अशा बाबींपुरता आहे. तुमचा फ्रीझर १९३०चा मालविक्री कायदा आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा यांच्या हद्दीत येतो, मग दुकानदार कुठल्याही मशिदीत जावो. तरी मी आधी शरियतचंच बोलणार आहे, कारण तुम्हाला गप्प करणारी सगळी वाक्यं धर्माच्या नावाने आली आहेत. त्यांना तिथेच उत्तर दिलेलं बरं.

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात) एक प्रसंग आहे. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगाशी थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. विचारलं, हे काय? विक्रेता म्हणाला, पावसात भिजलं. त्यावर ते म्हणाले, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. जो फसवतो तो माझा नाही. यात भिजलेलं धान्य विकायला मनाई कुठेच नाही, हे लक्षात घ्या. मनाई आहे ती कोरडं वर आणि ओलं खाली ठेवण्याला. चोरबाजारात जुने फ्रिज जुने म्हणून विकले जातात, घेणारा ठोकून, वास घेऊन, दार चार वेळा लावून बघतो आणि भाव पाडतो. त्यात गैर काही नाही.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात खटकलं ते बॉक्सचं सांगणं. दुकानदार काहीच बोलले नसते तर एक वेळ समजलं असतं. पण भाव १,५००नी का कमी, याचं त्यांनी कारण दिलं आणि ते कारण तुमची नजर फाटलेल्या पुठ्ठ्यावर नेणारं होतं. ढिगाच्या वरचं कोरडं धान्य ते हेच. इब्न माजाच्या संग्रहात हदीस आहे की दोष असलेला माल तो न सांगता आपल्या भावाला विकणं मुसलमानाला हलाल नाही. कमी भाव हे दोष सांगणं होत नाही. छोटा दोष सांगून मोठा झाकला, तर सांगितलेल्याचा हिशोब वेगळा आणि झाकलेल्याचा वेगळा.

पण इथे जरा थांबून दुकानदाराची बाजूही बघा. त्यांना स्वतःला माहीत नसेल, अशी शक्यता आहे. वितरकाकडून किंवा दुसऱ्या दुकानातून परत आलेला, दुरुस्त केलेला पीस नव्यात मिसळून त्यांच्याकडे आला असेल. म्हणून त्यांना तोंडावर ‘फसवलंत’ म्हणू नका. तसं म्हणायची गरजही नाही, कारण ऐबाच्या नियमात विकणाऱ्याला दोष माहीत होता की नव्हता हे विचारलं जात नाही. माहीत असून लपवलं तर ते पाप, तो त्यांचा आणि अल्लाहचा हिशोब. माहीत नसलं तरी तुमचा परत करायचा हक्क तसाच राहतो. प्रश्न एवढाच असतो की दोष माल तुमच्या ताब्यात यायच्या आधीचा आहे का, आणि त्या धंद्यातल्या जाणत्यांच्या मते त्याने किंमत उतरते का. हनफी फिकहवर बेतलेली ऑटोमन साम्राज्याची दिवाणी संहिता, १८७६ साली पूर्ण झालेली मजल्ला, दोषाची व्याख्या अशीच करते : व्यापारी आणि जाणकारांच्या नजरेत किंमत कमी करतं ते. उघडलेला, गॅस भरलेला, दुसऱ्याच्या नावावर चढलेला फ्रीझर नव्याच्या भावात कुठला व्यापारी घेईल?

दोष आधीचा आहे हे दाखवणं मात्र तुमच्याकडे आलं. म्हणून कंपनीच्या त्या माणसाचं तोंडी बोलणं पुरेसं नाही. सर्व्हिस सेंटरला ईमेल करून जॉबशीट मागा, आणि तिच्यात नोंदणीची मूळ तारीख आणि नळीची अवस्था लिहून द्यायला सांगा. आधी कधी दुरुस्तीची तक्रार नोंदली गेली होती का, तेही विचारा. ‘आमच्याकडे लेखी देत नाहीत’ असं उत्तर येण्याचा संभव मोठा आहे. येऊ दे. तुमचा ईमेल गेलेला असला की ते उत्तरही कामाचं. आणि एक : कॉम्प्रेसरची वॉरंटी बऱ्याचदा वेगळी, जास्त वर्षांची असते. कार्ड उलटून बघा.

आता शिक्का. मिस्टर म्हणाले ते अगदीच निराधार नाही, या मुद्द्यावर मजहबांत (हनफी, शाफई अशा पंथांत) खरंच फरक आहे. ‘दोषाची जबाबदारी माझी नाही’ अशी अट घालून विकणं हनफी मतात चालतं. शाफई मतात ती अट जवळपास निरुपयोगी आहे. फक्त जनावराच्या शरीरातल्या, विकणाऱ्यालाही माहीत नसलेल्या दोषापुरती ती टिकते, आणि फ्रीझर जनावर नाही. मग हनफी दुकानदाराचा शिक्का शाफई गिऱ्हाइकावर चालतो का, असा वाद घालत बसलात तर दोन रमजान जातील. घालू नका, कारण हनफी चौकटीतही हा शिक्का त्यांना वाचवत नाही.

एक तर अट सौद्यात असावी लागते. दाम ठरला, पैसे गेले, मग छापील बिलावर तळाशी जांभळा शिक्का उमटला, तर दोषाची जबाबदारी तुम्ही कधी आणि कुठे सोडलीत? शिवाय ‘माल परत नाही’ आणि ‘दोष असला तरी मी जबाबदार नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं मन बदललेल्या गिऱ्हाइकाला लागू पडेल, रंग आवडला नाही म्हणून आलेल्याला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्यांनी तोंडाने सांगितलं होतं की पीस एकदम नवा आहे. वस्तूत अमुक गुण आहे असं सांगून विकली आणि तो गुण नसला, तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो, हा हनफी मतातला वेगळा हक्क आहे. मजल्लाने उदाहरण दिलंय दुभती म्हणून विकलेल्या गाईचं, जी दूधच देत नाही. नवा म्हणून विकलेला जुना फ्रीझर त्याच गोठ्यातला.

ज्यांच्या नावाने हनफी पंथ ओळखला जातो ते खुद्द इमाम अबू हनीफा कुफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याबद्दल सांगतात की भागीदाराने एक दोष असलेलं कापड दोष न सांगता विकलं, आणि गिऱ्हाईक कोण ते सापडेना, तेव्हा त्यांनी त्या विक्रीचे सगळे पैसे दान करून टाकले. दुकानदारांशी मजहबावर बोलायची वेळ आलीच, तर मिस्टरांनी आवाज न चढवता ही गोष्ट काढावी.

आठ महिने धंदा केलात ना, हा टोमणा तुम्हाला सगळ्यात जास्त लागला असणार, पत्रात तो जाणवतो. त्याचं उत्तर चौदाशे वर्षं जुनं आहे. अबू दाऊदच्या संग्रहात पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांकडून आलेली हदीस आहे : एकाने गुलाम विकत घेतला, काही दिवस कामाला लावला, मग दोष कळला म्हणून परत केला. विकणारा तक्रार घेऊन आला की याने माझ्या गुलामाकडून काम करून घेतलं, त्याचं काय? पैगंबरांनी निवाडा दिला, ‘अल-खराजु बिज़्ज़मान’. ज्याच्या डोक्यावर जोखीम, त्याचं उत्पन्न. त्या आठ महिन्यांत फ्रीझर जळाला असता, चोरीला गेला असता, पावसाळ्यात खोलीत पाणी शिरून बुडाला असता, तर नुकसान तुमचं होतं. दुकानदार अर्धे पैसे द्यायला आले नसते. म्हणून समोसे विकून आलेला पैसाही तुमचाच. त्याची वजावट मागायचा त्यांना हक्क नाही.

‘कंपनीकडे जा’ हे तर मुंबईतल्या प्रत्येक दुकानाच्या काउंटरवर पाठ असतं. तुम्ही सौदा कुणाशी केलात? पैसे कुणाच्या खात्यात गेले? फिकहमध्ये ऐबाचा हक्क विकणाऱ्याविरुद्ध असतो. कंपनीची वॉरंटी हे वरचं, स्वतंत्र वचन. तिच्यामुळे दुकानदाराची जबाबदारी कमी होत नाही. आपल्या कायद्यातही तक्रार दोघांवर होते. फक्त कंपनीवर केलीत तर ती नोंदणीची तारीख दाखवून हात झटकेल, आणि फक्त दुकानदारावर केलीत तर तो कंपनीकडे बोट दाखवेल. दोघांना एकाच कागदावर आणा.

दीरांच्या बोलण्यात एक भाग विचार करण्यासारखा आहे. एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल उलेमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत. वस्तूबरोबर फुकट मिळणारी वॉरंटी बहुतेकांना मान्य आहे, ती विक्रीचीच एक अट समजली जाते आणि ‘मुसलमान आपल्या अटींना बांधलेले असतात’ हे हदीसचं तत्त्व तिथे लागतं. वेगळे पैसे मोजून घेतलेली वॉरंटी मात्र अनेकांना विम्याच्या जवळची वाटते : पैसे आज नक्की गेले, बदल्यात काही मिळेल की नाही ते बिघाडावर. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८५ साली व्यापारी विमा निषिद्ध ठरवला, आणि हे उलेमा तोच तर्क पुढे नेतात. दुसरे काही जण तिला देखभालीचा करार मानतात आणि परवानगी देतात. पुढच्या वेळी घ्यायची की नाही, ते तुमच्या भरवशाच्या आलिमला विचारून ठरवा.

पण दीर त्यावरून जो निष्कर्ष काढतात तो उलटा आहे. ती हराम धरली, तर तो करारच टिकत नाही आणि २,४०० परत मागायचं कारण आणखी भक्कम होतं. हराम असेल तर दुकानदाराने ते पैसे ठेवून घ्यावेत, हे कुठल्या नियमात बसतं? हलाल धरली तरी तेच. एक्स्टेंडेड वॉरंटी साधारणपणे मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते. तुमच्या पीसची मूळ वॉरंटी तुम्ही घ्यायच्या सहा महिने आधीपासून घसरत होती, म्हणजे जे विकलं ते सांगितल्याप्रमाणे नव्हतंच. आणि त्या प्लॅनचा कागद तुमच्याकडे आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. शोधा. दुकानाने स्वतःच्याच लेटरहेडवर ‘दोन वर्षे वॉरंटी’ लिहून दिली असेल, तर फारच छान. मग ते वचन दुकानाचं झालं, कंपनीच्या नोंदणीशी त्याचा संबंधच नाही.

२,०००ची तडजोड घेऊ नका असं मी म्हणणार नाही. आपसांतला समझोता शरियतला आवडतो, कायद्यालाही. ग्राहक आयोगात मध्यस्थीची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. पण २२,५००च्या वस्तूवर २,००० ही तडजोड नाही, ती तुम्हाला दाराबाहेर काढायची किंमत आहे. माझ्या मते न्याय्य समझोता म्हणजे फ्रीझर परत, २४,९०० परत. किंवा सीलबंद नवा पीस, तुमच्या समोर उघडलेला, तुमच्या नावाने नोंदवलेला. यापेक्षा कमी काही मान्य करायचं असेल तर ते तुमच्या खुशीने करा, मशिदीत नजरानजर होते म्हणून नको. जे ठरेल ते लिहून घ्या. सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत देणं-घेणं लिहून ठेवायला आणि सौद्याला साक्षीदार ठेवायला सांगितलंय. तेव्हा कागद मागितला म्हणून कुणी अविश्वासाचा आरोप केला, तर ही आयत पुढे करा.

कोर्टाचं. जमातीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन एकदा दुकानात बसा, ते जरूर करा. दारुल कझाचा (शरियतप्रमाणे निवाडा देणाऱ्या खाजगी पंचायतीचा) मार्गही काही जण सुचवतील. तिथे समजूत निघाली तर आनंदच, पण तिथला निकाल समोरच्याने पाळला नाही तर त्याची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलंय. मुसलमानाने मुसलमानाविरुद्ध दाद मागू नये असा नियम असता, तर इस्लामी शहरांत काझी कशाला बसले असते? बाजारात तर मुहतसिब नावाचा अधिकारीच फिरायचा, मापं तपासायचा, दुधात पाणी आणि धान्यात माती आहे का बघायचा. गिऱ्हाइकाने भावाशी जुळवून घ्यावं, असं तो सांगत नव्हता.

कायद्याची बाजू तुमच्याकडे भक्कम आहे. २०१९च्या कायद्याचं कलम २(४७) अनुचित व्यापारी प्रथा सांगतं. त्यात पुन्हा बांधलेला, वापरलेला, दुरुस्त केलेला माल नवा म्हणून दाखवणं स्पष्ट शब्दांत आहे. तुमचं प्रकरण त्यात जसंच्या तसं बसतं. दुसरा पक्ष बहुधा म्हणेल की तुम्ही धंद्यासाठी घेतला म्हणून ग्राहकच नाही. घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत धरलेली नाही. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहा : मी आणि माझी मुलगी, नोकर नाही, घर यावरच चालतं किंवा त्याला हातभार लागतो, जे खरं असेल ते.

आधी नोटीस. दुकानदार आणि कंपनी, दोघांना एकच मजकूर, स्पीड पोस्टने आणि ईमेलने. साध्या मराठीत चालते, वकिली भाषा नको. काय घेतलं, काय सांगितलं, काय निघालं, काय हवं, १५ दिवसांत. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर तक्रार नोंदवा. कंपन्या तिथल्या तक्रारींना बऱ्यापैकी उत्तर देतात, दुकानदार क्वचित. मसुदा कुणाकडून बघून घ्यायचा असेल तर मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५पासून हेच काम करते.

एवढ्याने हललं नाही तर मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग, बांद्रा पूर्व. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवरून घरूनही करता येते, मुलीला बसवा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण फ्रीझर आणि फोटो दोन्ही ताजे असताना जा. माल तपासायला पाठवला तर पाच महिन्यांत आणि नाहीतर तीन महिन्यांत निकाल, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, ते धरून चाला. फ्रीझरचे पैसे व्याजासह, २,४००, खराब झालेला माल, मनस्ताप आणि खर्च, सगळं मागता येतं. खराब झालेल्या मालाचा आकडा मात्र हिशोबाने द्या. ऑर्डरींचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, तेच तुमचं खातेपुस्तक.

राहिला गीबतचा प्रश्न, आणि तो विचारल्याबद्दल मला तुमचं कौतुक वाटतं, कारण बहुतेक जण आधी लिहितात आणि मग विचारतात. इमाम नववी, तुमच्याच शाफई परंपरेतले, गीबत माफ असलेले सहा प्रसंग सांगतात. त्यात अन्यायाची दाद मागणं आहे आणि लोकांना नुकसानीपासून सावध करणंही आहे. पैगंबरांचे साथी वासिला इब्न अल-अस्का यांची एक गोष्ट आहे. बाजारात एकाने उंट घेतला आणि निघाला. वासिला त्याच्या मागे गेले आणि विचारलं, मांसासाठी घेतलास की प्रवासासाठी? प्रवासासाठी म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, याच्या पायाला भोक आहे, लांब चालणार नाही. गिऱ्हाईक परत फिरलं, विकणारा चिडला की माझा सौदा बिघडवलात. वासिलांनी हदीस ऐकवली की दोष न सांगता विकणं हलाल नाही, आणि ज्याला दोष माहीत आहे त्यानेही गप्प बसणं हलाल नाही.

तेव्हा सांगायला हरकत नाही. पण वासिलांनी उंटाच्या पायाबद्दल सांगितलं, विकणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल नाही. तुम्हीही तेवढंच लिहा : अमुक महिन्यात फ्रीझर घेतला, नवा सांगितला, नंबर दुसऱ्याच्या नावावर निघाला, घेण्याआधी स्टिकरवरचा नंबर कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या. चोर, लबाड, नमाजी असून असा, हे शब्द नकोत. ते गीबतच्या माफीत बसत नाहीत, आणि बदनामीच्या नोटिशीला आयतं कारण मिळतं. आणि तो मेसेज पाठवायच्या आधी तुमच्या नोटिशीचे १५ दिवस जाऊ द्या. दुकानदारांनी त्या आधीच पैसे परत केले, तर दुकानाचं नाव गाळून फक्त नंबर तपासायचं सांगितलंत तरी ग्रुपवरच्या बायकांचं काम भागेल.